वळकटीतला रिकामा कप्पा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर दिसतं. मधोमध जेवणाचं टेबल, त्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली. खिडकीतून हिवाळ्यातला फिकट, आजारी उजेड येतोय. शेगडीवर चहाचं आधण. टेबलाशी एक उंच, खांद्यात वाकलेला गृहस्थ उभा आहे. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हातात तारांचा ब्रश. तो ब्रश तो स्वतःच्या गालावरून फिरवतो, डोळे मिटून, गवयाने तंबोरा लावताना मिटावेत तसे. मग नाक मुरडून बाजूला ठेवतो आणि दुसरा उचलतो. शेगडीपाशी त्याची बायको पाठमोरी उभी आहे, आणि तिची पाठसुद्धा रागावलेली दिसते आहे.

हा आमचा धुरंधर. आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण नाटकमंडळीत आलेल्या माणसाचं खरं नाव टिकतं कुठे? थिएटरच्या तळघरातला बॉयलर साफ करायचा, सगळी इमारत उबदार ठेवायचा. धुराशी सोयरीक, म्हणून धुरंधर. तो मला ताई म्हणायचा, मी त्याच्या बायकोला वहिनी. एकाच इमारतीत आम्ही वरखाली राहायचो, त्यामुळे सकाळच्या चहाला त्यांच्या स्वयंपाकघरात माझी एंट्री ठरलेली.

आयुष्यात मी रंगमंचावर पुष्कळ शूर माणसं पाहिली. लाकडी तलवारी घेऊन ती रोज एकदा मरत आणि रोज चहाला जिवंत होत. पण भीती कशी असते, ती माणसाच्या बोटांत कशी राहते, हे मला धुरंधरने दाखवलं. तो भित्रा होता आणि ते लपवत नव्हता. नाटक सुरू असताना तो विंगेत येऊन उभा राहायचा. मला वाटायचं, आमचं काम बघतोय. छे. तो प्रेक्षकांकडे बघायचा. एकदा मध्यंतरात माझ्याजवळ येऊन काळजीने विचारता झाला, की लोक जांभया देताहेत, नाटक कंटाळवाणं आहे की बॉयलर बिघडलाय? मी म्हटलं, नाटकच कंटाळवाणं आहे. त्याचा जीव भांड्यात पडला. आमच्या नाटकाचं अपयश ऐकून इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तो का घाबरायचा, ते त्याने एकदाच सांगितलं होतं. कामाला नवीन लागलेला असताना त्याच्या उस्तादाबरोबर तो एका घरी गेला. घर उघडत नव्हतं म्हणून शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. धुराचा नळ काजळीने तुंबलेला, बॉयलर मात्र चालू. आत सगळं कुटुंब पांघरुणात. कोंडलेल्या धुरातल्या त्या विषारी वायूला ना वास, ना रंग, ना आवाज. माणसाला नुसती झोप येते. उस्तादाने खिडक्या उघडल्या, पण उशीर झाला होता. धुरंधर म्हणाला, ताई, ते चेहरे पांढरे नव्हते. गाल गुलाबी होते, नुकतीच आंघोळ घातलेल्या लेकरांसारखे. आता हाक मारली तर उठतील, असे.

त्या दिवसापासून तो हत्यारं निवडू लागला. हो, निवडू. बाकीचे मेकॅनिक पिशवीत हात घालून येईल तो ब्रश उचलतात. आमच्या धुरंधरचं म्हणजे पात्रनिवड असायची. प्रत्येक बॉयलरला कोण कोण लागणार, ते आधी घरी ठरायचं. बिडाचा जुना बॉयलर म्हणजे म्हशीचं कातडं, त्याला पोलादी तारांचा ब्रश चालतो. नव्या बॉयलरचं आतलं अंग पातळ आणि नाजूक, तिथे पोलाद लावलं की ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत काजळी बिऱ्हाड करते. तिथे मऊ केसांचा ब्रश. धुराच्या नळासाठी पितळी तारांचा गोल ब्रश, तोही नळापेक्षा किंचित मोठा. सैल ब्रश नळाला नुसत्या गुदगुल्या करतो, म्हणायचा. शिवाय कोपऱ्यातली काजळी उकरायला पातळ पट्टी, लांब दांड्याचा छोटा आरसा, टॉर्च, आणि एक जाडजूड पाना. पाना बहुतेक वेळा लागायचा नाही. पण नाटकात जसा एक हवालदार शेवटच्या अंकासाठी बसवून ठेवलेला असतो, तसा तो सोबत असायचा.

या सगळ्या मंडळींना राहायला वहिनींनी जाड कापडाची वळकटी शिवली होती. प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाचा कप्पा. काम संपलं की वळकटी जमिनीवर पसरायची, प्रत्येक कप्पा भरलेला बघायचा, मगच गुंडाळायची. हा एक नियम. दुसरा नियम दांड्यांचा. ब्रश नळात वर सरकवायला लांब दांडे लागतात. एकाच्या टोकाला दुसरा, आणि सगळ्यांत वर ब्रश, सगळं आट्यांवर बसवलेलं. वर सरकवताना दांडा फिरवायचा तो फक्त उजवीकडे. डावीकडे फिरवला की आटे सुटतात, ब्रश नळातच अडकून राहतो आणि आपण रिकामा दांडा घेऊन खाली येतो. त्याची लेक लहानपणी त्याच्या मागे मागे फिरायची, तेव्हा हा नियम तिने बडबडगीतासारखा पाठ केला होता.

तीच लेक त्या सकाळी भांडणाचा विषय होती.

तिला मुलगी झाली होती, जेमतेम महिन्याची. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर तिचं घर. जावई कामावर जाणारा, लेक आणि तान्ही घरी. थंडी वाढणार होती आणि त्यांचं घर आणि पाणी तापवणाऱ्या बॉयलरची या हंगामातली सफाई व्हायची होती. इकडे धुरंधर आठवड्यापूर्वी थिएटरच्या तळघराच्या पायऱ्यांवरून घसरून मनगट मोडून बसलेला. वहिनींचं म्हणणं सरळ होतं, की यंदा दुसरा माणूस बोलवा. लेकीनेही फोनवर तेच सुचवलं होतं. यावर धुरंधरने दुसऱ्या माणसांचं जे वर्णन केलं, ते मी इथे लिहीत नाही. सारांश एवढाच, की जिथे माझी नात झोपते तिथला नळ मी दुसऱ्याच्या भरवशावर सोडणार नाही.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "एका हाताने नाक पुसता येत नाही, निघाले नळ पुसायला."

"डावा हात आहे ना," तो म्हणाला. "त्याला काय मी पाहुणा म्हणून ठेवलाय?"

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्याने पितळी ब्रश पुन्हा एकदा गालावर फिरवून पाहिला, पसंत पडला, कप्प्यात सरकवला. वळकटी बांधायला एक हात पुरेना, तेव्हा दुसरं टोक वहिनींनीच धरलं. रागाने धरलं, पण धरलं.

दुपारी मी पुन्हा खाली गेले, तर स्वारी परत आलेली. चेहरा खुललेला. नात कशी पाच बोटांनी त्याचं एक बोट धरून बसली होती, याचं वर्णन चाललं होतं. काम छान झालं, म्हणाला. काम संपता संपता पोरीने भोकाड पसरलं, लेक दुधाचं बघायला धावली आणि पोरीला याच्या डाव्या खांद्यावर टाकून गेली. मग काय, आजोबा विरघळले. एका खांद्यावर नात, तशीच वळकटी पायाने आणि बोटांनी कशीबशी गुंडाळली. निघण्यापूर्वी नळाच्या तोंडाशी काडीचा धूर धरून पाहिला होता, सुतासारखा सरळ वर गेला. नळाच्या सांध्याला नवा लेप लावलाय, तो वाळला की दुपारनंतर बॉयलर पेटव, असं सांगून तो आला होता.

बोलता बोलता त्याने टेबलावर वळकटी सोडली, हत्यारं पुसायला. मऊ ब्रश, पट्टी, आरसा, टॉर्च, पाना. त्याचं बोलणं थांबलं. मी पाहिलं तर तो एका कप्प्यात दोन बोटं घालून उभा होता. कप्पा रिकामा होता.

त्याने दांडे उचलले. सगळ्यांत वरच्या दांड्याचे आटे उघडे, चकचकीत. त्यावर पितळी ब्रश असायला हवा होता.

वहिनी म्हणाल्या, राहिला असेल तिच्या फरशीवर. त्याने कोटाचे खिसे पाहिले, पिशवी उलटी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं, आणि मला दिसलं, की त्याच्या ओठांचा रंग उडाला आहे. लेप एव्हाना वाळला असणार, बॉयलर पेटला असणार.

वहिनींनी लेकीला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तान्हं झोपलं की लेक रिसीव्हर काढून ठेवते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे त्या दोघी झोपल्या होत्या. या विचाराने एरवी किती बरं वाटतं माणसाला. त्या क्षणी आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

वहिनींचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. त्या फोनपाशी थांबल्या, नंबर फिरवत राहिल्या. मी धुरंधरबरोबर निघाले. वळकटी त्याने काखोटीला मारली, कशाला ते त्यालाही ठाऊक नसावं.

रस्त्यावर सगळं जिथल्या तिथे होतं, याचाच मला राग आला. फळवाला फळं मांडत होता. कोणीतरी गालिचा झटकत होतं. एक बाई आपल्या कुत्र्याची समजूत घालत होती. मी धीराचं काहीबाही बोलत होते. काडीचा धूर वर गेला होता ना, मग झालं तर. त्याने चालता चालता मान हलवली. काडीचा धूर म्हणजे एक धागा, तो ब्रशच्या तारांतूनही वर जातो. पेटलेल्या बॉयलरचा धूर म्हणजे गर्दी. दारात माणूस आडवा पडलेला असताना गर्दी कुठून जाणार?

मग तो गप्प झाला. पण त्याचा डावा हात गप्प नव्हता. मी पाहिलं, चालता चालता तो हवेत काहीतरी धरून फिरवतो आहे. वर सरकवायचं, फिरवायचं. वर सरकवायचं, फिरवायचं. गल्लीच्या तोंडाशी तो एकदम थांबला. त्याने आपला हात डोळ्यांसमोर धरला आणि सावकाश, पुन्हा एकदा, तीच हालचाल केली. मग प्लास्टरमधून बाहेर आलेली उजव्या हाताची बोटं तशीच फिरवून पाहिली. उजवा हात जोर लावताना आपसूक उजवीकडे वळतो. डाव्याचं जोर लावणं डावीकडे.

"ताई," तो म्हणाला, "मी डावीकडे फिरवला."

आयुष्यभर मी संवाद ऐकले आणि म्हटले. इतका हळू म्हटलेला, इतका खरा एकही आठवत नाही. त्याच्या हाताला आयुष्यभराचा नियम पाठ होता, पण तो उजव्या हाताला. डाव्याला कोणी कधी शिकवलाच नव्हता. आणि दुसरा नियम, कप्पे बघण्याचा, नातीच्या एका भोकाडाने पुसून टाकला होता.

यानंतर तो पळू लागला. साठी उलटलेला, एका हाताचा माणूस, काखेत वळकटी. मी मागे.

लेकीच्या दाराची घंटा त्याने दाबली. आवाज नाही. तान्हीची झोपमोड होऊ नये म्हणून घंटेच्या डबीत कापड कोंबलेलं, हेही आम्हाला ठाऊक होतं. त्याने दारावर थापा मारल्या, हाक मारली. आतून काही नाही. मग तो बाजूच्या खिडकीकडे वळला आणि खिळल्यासारखा उभा राहिला.

काच आतून पूर्ण धुरकटली होती. पाण्याचे ओघळ खाली येत होते.

मला वाटलं, आत ऊब आहे, बरं आहे. त्याला काय वाटलं ते मला नंतर कळलं. धूर बाहेर जायला वाट नसली, की त्यातली वाफ खिडक्यांवर साचते. नव्या माणसाला ते या धंद्यात पहिल्याच आठवड्यात सांगतात. त्याने वाकून काचेला गाल लावला, सकाळी ब्रश लावला होता तसाच, आणि डोळे मिटले. ऐकत होता. आत काही हलत नव्हतं.

वळकटी उघडायला त्याला वेळ लागला नाही. बोटं क्षणभर हत्यारांवरून फिरली. अशा वेळीसुद्धा त्याने निवड केली. मग तो पाना उचलला, जो कधी लागत नसे, आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यावर मारला. काच आत कोसळली. उबदार, दमट हवेचा लोट तोंडावर आला. त्याने श्वास रोखून आत हात घातला, कडी काढली, खिडकी सताड उघडली आणि लेकीला हाक मारली. तो आवाज ऐकून समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

आतलं दार उघडलं. दारात लेक उभी. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ओले, कडेवर टॉवेलात गुंडाळलेली तान्ही. तान्हीचे गाल गुलाबी होते. अगदी गुलाबी.

तो मागे सरकला. मी त्याचा दंड धरला, नाहीतर पडला असता. तेवढ्यात गार वारा आत घुसला, आणि त्या गुलाबी तोंडातून असं काही भोकाड बाहेर पडलं, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. धुरंधर ते ऐकत राहिला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत कोणा नटीला अशी दाद मिळाली नसेल.

लेकीने बाहेरचं दार उघडलं. आम्ही आत गेलो. तिने आधी फरशीवरच्या काचेकडे पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे. शेगडीवर पाण्याची दोन मोठी पातेली खदखदत होती, त्यांचीच ती वाफ. तान्हीला आंघोळ घालत होती, बाथरूमचं दार लावून, म्हणून हाका ऐकू गेल्या नव्हत्या.

पाणी शेगडीवर का, असं धुरंधरने विचारलं. बॉयलर पेटवला नाहीस?

लेक खाली मान घालून तान्हीचे पाय पुसत राहिली. नाही पेटवला, म्हणाली.

का?

"बाबा, तुम्ही डावीकडे फिरवत होतात." तिने तान्हीचा दुसरा पाय हातात घेतला. "आधी वाटलं आपलीच चूक. मग वाटलं, तुम्हाला कसं सांगू. तुम्ही इतक्या हौसेने आला होतात. म्हणून म्हटलं, आज नाही पेटवायचा. मी दुसऱ्या एका मेकॅनिकला फोन केलाय. संध्याकाळी येऊन नुसतं बघून जाईल, म्हणाला. तुम्हाला कळलंही नसतं."

मला वाटलं, आता हा माणूस दुखावणार. आपल्या लेकीने आपल्या पाठीमागे दुसरा माणूस बोलवावा, तोही याच घरात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. काही प्रवेशांत तिसऱ्या पात्राने हलायचं नसतं.

धुरंधर कपाटाकडे गेला. कपाटात बॉयलर होता, थंडगार, झाकण बसवलेला. त्याने डाव्या हाताने झाकण काढलं, टॉर्च मला धरायला दिला आणि लांब दांड्याचा आरसा नळाच्या तोंडातून वर सरकवला. मी टॉर्च हलवला तसा आरशात काळोख हलला, आणि मग त्या काळोखात, वरच्या वळणापाशी, एक पिवळी ठिणगी चमकली. पितळ. नळ अडवून बसलेलं, गालाला मऊ लागलेलं ते पितळ.

तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. ती दुपार दुसऱ्या तऱ्हेने गेली असती तर काय झालं असतं, ते सगळं त्या एवढ्याशा आरशात त्याला दिसत असावं. मग त्याने आरसा काढला, रुमालाने पुसला, कप्प्यात ठेवला. दांड्यांना हात लावला नाही. ब्रश काढायचा तर दांडा पुन्हा त्याच्या आट्यांत बसवून उजवीकडे फिरवायला हवा होता, आणि उजवीकडे वळणारा त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. वळकटी त्याने जमिनीवर पसरली. एकेक कप्पा पाहिला, जो रिकामा होता तोही. मग गुंडाळून लेकीच्या पायांशी ठेवली.

वहिनींचा जीव तिकडे टांगणीला लागलेला, म्हणून मी रिसीव्हर जागेवर ठेवून आधी त्यांना फोन केला. पलीकडून फक्त हुंदका आला, आणि मग, आता चहाला या म्हणावं, असा हुकूम. मी फोन ठेवून वळले तर धुरंधर खुर्चीवर बसला होता, नात पुन्हा त्याच्या डाव्या खांद्यावर, आणि लेक फुटक्या खिडकीला पुठ्ठा लावत होती. ती पाठमोरीच म्हणाली, की त्या मेकॅनिकला नको म्हणून सांगू का, तुमचा हात बरा होईपर्यंत शेगडीवर भागवीन मी.

त्याने नातीच्या गालाला आपला गाल लावून पाहिला. डोळे मिटून, सावकाश.

"नको कशाला, येऊ दे त्याला," तो म्हणाला. "पण ब्रश कुठला आणतोय, ते विचारलंस का?"